लष्कराच्या भाकऱ्यांचं अर्थशास्त्र

"काहीही सुधारू नका," बॅगेची चेन ओढत ताई म्हणाल्या. "एवढं एकच मागणं आहे. जे चाललंय ते चालू द्या. दहाला जायचं, टेबलाशी बसायचं, कोणी विचारलं तर सांगायचं आणि अकराला सगळ्यांसाठी चहा मागवायचा. बास."

"अगं, मी जन्मभर अर्थशास्त्र शिकवलंय," प्राध्यापक म्हणाले.

"म्हणूनच सांगतेय."

ताई म्हणजे प्राध्यापकांची बायको. रुग्णालयात मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताई म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. लेक बाळंतपणाला टेकली होती, जावई घाबरट होता, त्यामुळे ताईंना महिनाभर तिकडे जाणं भाग होतं. प्रश्न लेकीचा नव्हताच. प्रश्न होता तो मदतकक्षाचा.

रुग्णालयाच्या मुख्य दाराला लागून एक छोटी खोली होती. तिच्यात एक टेबल, चार खुर्च्या आणि एका चाकाने कुरकुरणारी व्हीलचेअर. दारातून आत येणारा माणूस आधीच गांगरलेला असतो. त्याला रक्त कुठे द्यायचं, एक्स-रे कुठे काढायचा, केसपेपर कुठल्या खिडकीवर मिळतो हे सांगायचं, म्हातारंकोतारं असेल तर पोचवून यायचं, हे त्या खोलीचं काम. काम करणारे सगळे फुकट. आठ वर्षांपूर्वी प्राध्यापक निवृत्त होऊन घरी बसले, आणि पुढच्याच महिन्यात ताईंनी हा कक्ष उभा केला. ही खोली त्यांनी पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. कारण रुग्णालयाच्या अधीक्षकांचा तिच्यावर डोळा होता. त्यांना सलाइनची खोकी ठेवायला जागा हवी होती आणि त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "खोलीत माणसं दिसतायत तोवर खोली तुमची. रिकामी दिसली की खोकी आत."

प्राध्यापकांना मात्र खोलीपेक्षा एका कोड्यात रस होता. माणसं फुकट का राबतात? या विषयावर ते निवृत्त झाल्यापासून एक लेख लिहीत होते आणि पहिल्याच परिच्छेदात त्यांचं घोडं पेंड खात होतं. घरात एक चालतंबोलतं उदाहरण होतं, पण ते बोलायला तयार नव्हतं.

"तू तिथे का जातेस?" ते रोज विचारत. सकाळी चहाच्या वेळी विचारत, ती भाजी चिरत असताना ओट्याला टेकून विचारत, दात घासताना तोंडात फेस धरून विचारत.

"असंच. वेळ जातो."

"वेळ घरीही जातोच की. वेळ जाणं हे कारण होऊ शकत नाही."

यावर ताई चपला घालून रुग्णालयात जात.

तर ताई लेकीकडे गेल्या आणि प्राध्यापक दहाच्या ठोक्याला मदतकक्षात हजर झाले. तिथे तीन स्वयंसेवक होते. पहिला निवृत्त बस कंडक्टर. त्याची बस सुटली होती, पण 'पुढे सरका' सुटलं नव्हतं. केसपेपरच्या खिडकीपुढे माणसांचा नुसता घोळका व्हायचा. कंडक्टर तिथे जाऊन दोनदा ओरडला की त्याची रांग व्हायची. दुसऱ्या काकू. त्या कायम काहीतरी विणत असत आणि रुग्णाला वॉर्डपर्यंत सोडायला गेल्या की वाटेत त्याच्या तीन पिढ्यांची माहिती काढून, त्याला धीर देऊन परत येत. तिसरी एक तरतरीत मुलगी. ती कागद घेऊन जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढायची, म्हणून तिला सगळे पळती म्हणत.

पहिला तास प्राध्यापक मुकाट्याने बसले. दुसऱ्या तासाला त्यांना राहवेना.

"तुम्ही इथे का येता?" त्यांनी कंडक्टरला विचारलं.

"असंच साहेब. वेळ जातो."

"काकू, तुम्ही?"

"तेवढाच विरंगुळा. घरी बसून तरी काय करायचं?"

"आणि तू गं?"

"मला अनुभवाचं पत्र हवंय सर," पळती म्हणाली. "त्याशिवाय कुठल्या लॅबमध्ये मला दारातसुद्धा उभं करत नाहीत."

प्राध्यापकांना तिला शाबासकी द्यावीशी वाटली. आठ वर्षांत पहिल्यांदा कोणी खरं बोललं होतं. म्हणजे बाकीच्यांनाही काहीतरी हवंच आहे, फक्त ते कबूल करत नाहीत. आणि जे हवंय ते मिळवायला ही माणसं केवढा वळसा घेतायत. पाण्यासाठी रोज लांबच्या विहिरीवर जाणाऱ्या माणसाचं कौतुक करत बसण्यापेक्षा त्याच्या दारात नळ बसवून द्यावा, हा सरळ विचार. आपण तो बसवायचा, असं त्यांनी ठरवलं. ताईंनी सांगितलेलं ते विसरले नव्हते. पण याला सुधारणा थोडीच म्हणायचं, ही तर साधी माणुसकी होती.

सुरुवात पळतीपासून झाली. प्राध्यापकांचा एक जुना विद्यार्थी आता एका मोठ्या लॅबचा मालक होता. त्याला त्यांनी फोन केला, मुलीचं अगदी खरं खरं कौतुक केलं. पुढच्या आठवड्यात पळतीला नोकरी लागली. "सर, तुमचे उपकार कसे फेडू?" म्हणाली, वाकून नमस्कार केला आणि दारातल्या पायऱ्या एक-एक करत उतरून गेली.

मग काकू. काकूंना काय हवंय हे काढायला दोन दिवस लागले. सून आणि त्या, दोघींना स्वयंपाकघर एकच आणि मतं चार. भांड्याला भांडं लागण्यापेक्षा आपण बाहेर पडलेलं बरं, म्हणून काकू लोकर घेऊन इथे. प्राध्यापक संध्याकाळी सरळ त्यांच्या घरी गेले आणि सासू-सुनेला समोरासमोर बसवून श्रमविभागणी समजावून सांगितली. सकाळचा ओटा सुनेचा, संध्याकाळचा सासूबाईंचा. एकीने दुसरीच्या वेळात झाकण उचलून पाहायचं नाही. दोघींना कोणीतरी एवढं मनावर घेतल्याचंच नवल वाटलं आणि दोघींनी मान्य केलं. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला.

"भाऊ, घरात इतकी शांतता आहे हो. दुपारी सून स्वतः माझ्याजवळ येऊन बसते, टाके शिकायचेत म्हणते. आता पाय निघत नाही बघा. ताई आल्या की सांगा त्यांना."

"सांगतो," प्राध्यापक म्हणाले. आपण एक घर सावरलं या समाधानात आपली एक खुर्ची रिकामी झाली हे त्यांच्या ध्यानात आलं, पण जरा उशिरा.

तेव्हाच थांबायचं. पण हाती घेतलेलं अर्धवट सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कंडक्टरला काय हवं होतं हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं. त्याला माणसं पुढे सरकवायची होती. घरी बायको आणि मांजर, दोघंही जागची हलत नसत. नाट्यगृहाच्या वाहनतळावर माणूस हवाय असं प्राध्यापकांनी ऐकलं होतं. तिथे गणवेश होता, शिट्टी होती आणि वर पगार होता.

"साहेब, देवमाणूस आहात," कंडक्टर डोळे पुसत म्हणाला. "एवढी वर्षं फुकट घसा कोरडा केला. हे आधी कोणी सांगितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी दहाला प्राध्यापक मदतकक्षात आले तेव्हा चार खुर्च्या होत्या आणि बसायला ते एकटे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

त्या संध्याकाळी ताईंचा फोन आला. लेक सुखरूप सुटली होती, नात झाली होती, जावई अजून घाबरलेलाच होता.

"आणि तिकडे कसं काय?" ताईंनी विचारलं.

"उत्तम. सगळे अगदी समाधानात आहेत." हे शब्दशः खरं होतं.

"कंडक्टर फार ओरडत नाही ना?"

"छे, आता अजिबात नाही."

"काकू बोलून बोलून डोकं उठवत असतील."

"नाही गं. काहीच त्रास नाही."

पलीकडून पुन्हा एकदा "काहीच नाही?" असं आलं. मग ताई नुसत्या "बरं" म्हणाल्या.

पुढचे दिवस प्राध्यापकांच्या नाकी नऊ आले. खिडकीपुढच्या रांगेचा पुन्हा घोळका झाला. घोळक्यातल्या प्रत्येकाला आपलाच नंबर पहिला वाटत होता आणि प्रत्येक जण तो प्राध्यापकांना सांगायला येत होता. त्यातून त्यांची उत्तर द्यायची पद्धत वर्गातली.

"डोळ्यांचा विभाग कुठे आहे हो?"

"बसा. आधी मला सांगा, या इमारतीची रचना तुम्हाला ठाऊक आहे का?"

"नाही. म्हणून तर विचारतोय."

"तर इमारतीचे दोन भाग आहेत. जुना आणि नवा. जुना भाग बांधला तेव्हा..."

तोवर मागे आणखी सहा जण उभे राहत आणि पहिला माणूस दुसऱ्याच कोणाला तरी विचारून निघून गेलेला असे. पाय प्लास्टरमध्ये असलेल्या एका आजींना त्यांनी व्हीलचेअरवरून स्वतः न्यायचं ठरवलं. कुरकुरणारं चाक त्यांना सारखं डावीकडे ओढत होतं, आणि डावीकडे जाता जाता ते प्रसूती विभागाच्या दारात पोचले. तिथल्या सिस्टरने कामाच्या घाईत वर न बघता विचारलं, "कितवा महिना?"

"तिसरा संपला," आजी म्हणाल्या. "अजून टेकवत नाही."

सिस्टरने वर बघितलं. मग प्राध्यापकांकडे बघितलं. त्या बघण्यात जे होतं ते त्यांनी तोपर्यंत फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये दुसऱ्यांना दिलं होतं.

आजींना हाडांच्या विभागात पोचवून ते परत आले तर कक्षाच्या दारात मोठ्या सिस्टर उभ्या होत्या, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या वरच्या. "खोली मघापासून रिकामी होती," त्या म्हणाल्या. "माझ्याऐवजी अधीक्षक आले असते तर? परवा सकाळी ते फेरी मारणार आहेत. इथे माणसं दिसली नाहीत तर मी काही करू शकणार नाही, सांगून ठेवते. आठ वर्षं ताईंनी जिवाचं रान केलंय या खोलीसाठी."

प्राध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं. खोकी आत गेली तर ताई परत येऊन कुठे बसणार, हा विचार त्यांना पहिल्यांदाच शिवला आणि त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. त्यांनी कक्षाला कडी लावली आणि माणसं शोधायला निघाले.

खेळाच्या मैदानावर पंच म्हणून फुकट राबणारे चिक्कार बाप होते. पण प्रत्येकाचा मुलगा संघात होता आणि रुग्णालयात मुलाला कोणी सलामीला पाठवत नाही, हे त्यांनी प्राध्यापकांना समजावून सांगितलं. वाचनालयात एकच स्वयंसेवक होता. तो एका कपाटामागे झोपला होता. शेवटी ते भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्याशी आले आणि थक्क झाले. फाटकाबाहेर स्वयंसेवकांची रांग होती. गू-मूत काढायला, खरूज धुवायला, चावून घ्यायला माणसं नंबर लावून उभी होती.

"महिना-महिना थांबावं लागतं इथे," निवाऱ्याची रखवालदारीण म्हणाली. तिच्या एका हातात पाण्याचा पाइप होता आणि दुसऱ्या हातात एक ओलंचिंब पिल्लू.

"पण का?" प्राध्यापक जवळजवळ रडकुंडीला आले होते. "माणसांच्या दवाखान्यात मला एक माणूस मिळत नाहीये. तुमच्याकडे असं काय आहे?"

"कुत्रं शेपूट हलवतं साहेब. तुमच्याकडे कोण हलवतं?"

"हे काही शास्त्रीय उत्तर नाही."

"आणि दुसरं म्हणजे," पिल्लू खाली ठेवत ती म्हणाली, "कुत्रं 'का आलात' म्हणून विचारत नाही."

फेरीच्या दिवशी सकाळी प्राध्यापक साडेनऊलाच कक्षात जाऊन बसले. एका खुर्चीवर त्यांनी आपला कोट टांगला, दुसरीवर छत्री, तिसरीवर पिशवी. लांबून तरी माणसं उठून गेल्यासारखं वाटावं. तेवढ्यात दारात बॅग आपटली.

"वाटलंच होतं," ताई म्हणाल्या. त्या थेट बसस्थानकावरून आल्या होत्या.

"तू? अगं, अजून आठवडा होता ना?"

"तुम्ही फोनवर एकही तक्रार केली नाहीत. तेव्हाच ओळखलं मी, काहीतरी सुधारलंय."

प्राध्यापकांनी सगळं सांगितलं. ताई बॅगेवर बसून ऐकत होत्या. फक्त पळतीच्या वेळी म्हणाल्या, "ती जायचीच होती. ते बरं केलंत." बाकीचं ऐकून झाल्यावर त्यांनी पर्समधून फोन काढला.

पहिला फोन कंडक्टरला. "ताई, तुम्हीच फोन केलात, बरं झालं," तो इतक्या मोठ्यांदा बोलत होता की प्राध्यापकांनाही ऐकू येत होतं. "कालच सोडून आलो ते काम. मॅनेजर म्हणतो शिट्टी हळू वाजवा. मला म्हणतो. पगार देतो म्हणून बोलूनही घ्यायचं? तुमच्याकडे आठ वर्षं फुकट राबलो, पण मला शब्दानं बोलायची कोणाची छाती झाली नाही. साहेबांना सांगायला तोंड नव्हतं हो." तो निघालाच होता.

दुसरा फोन काकूंच्या घरी. तो सुनेने उचलला. ताईंचा आवाज साखरेत घोळवल्यासारखा झाला. "कशी आहेस गं? ऐकलं मी, सकाळचा सगळा स्वयंपाक एकटीनं करतेस. कौतुक आहे. तुझ्या सासूबाईंचा काल मला फोन होता. नाही गं, चांगलंच म्हणत होत्या. एवढंच म्हणाल्या की आमटी जरा पातळ होते, पण शिकेल हळूहळू. बरं, ठेवते."

"अगं, हे काय केलंस?" प्राध्यापक किंचाळलेच. "केवढ्या मेहनतीनं मी..."

"गप्प बसा. त्या दोघी आठ वर्षं भांडतायत आणि आठ वर्षं एकत्र राहतायत. तुमची शांतता त्यांना झेपली नसती. आणि आठवड्याभरात मीच जाऊन मिटवेन."

अर्ध्या तासात काकू आल्या. चेहरा लाल, विणायच्या सुया तलवारीसारख्या हातात. "आमटी पातळ होते म्हणे मी म्हणाले. मी कशाला म्हणू? पण होतेच पातळ," असं म्हणत त्या आपल्या खुर्चीवर बसल्या आणि पहिल्याच रुग्णाला हाताला धरून घेऊन गेल्या. बाहेर "पुढे सरका, पुढे सरका" सुरू झालं होतं आणि घोळक्याची रांग होत होती.

अधीक्षक आले तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा व्हीलचेअरकडे, आणि निराश होऊन खोकी ठेवायला जिन्याखालची जागा बघायला गेले.

संध्याकाळी घरी प्राध्यापकांनी स्वतः चहा केला. मन भरून आलं होतं. चूक त्यांनी कबूल केली, अगदी वळणं न घेता. "तुझी खोली गेली असती तर मी स्वतःला माफ केलं नसतं," ते म्हणाले. ताईंनाही बरं वाटलं. त्यांनी चहा नावं न ठेवता प्यायला. पण प्राध्यापकांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"आणि मी ठरवलंय. त्या खोलीत मला एक नवाच उत्साह आला. लोक विचारतात, मी सांगतो. घरी आठ वर्षांत मला कोणी काही विचारलं नाही. उद्यापासून मीही रोज येणार, तुझ्याबरोबर. दहा ते पाच, शेजारी-शेजारी. पळतीची खुर्ची रिकामी आहेच."

ताईंचा कप ओठांशी थांबला. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्या बघण्यात राग नव्हता, माया होतीच, पण एक खोल थकवाही होता.

"चालेल ना?" प्राध्यापकांनी विचारलं.

"चालेल की," ताई म्हणाल्या. "खोलीला माणूस हवाच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राध्यापक इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले, तर ताई जुने कपडे आणि रबरी बूट घालून बाहेर आल्या.

"हे काय? रुग्णालयात बूट कशाला?"

"मी रुग्णालयात कुठे जातेय? तुम्ही आहात ना तिथे. कंडक्टर आहे, काकू आहेत, आता काळजी नाही." त्यांनी बुटाची टाच नीट केली. "कुत्र्यांच्या निवाऱ्यात नंबर लावून येते. महिनाभर थांबावं लागतं म्हणे. थांबेन, रांगेतच थांबेन."

"अगं, पण का?"

ताईंनी दाराला कुलूप लावलं. कोपऱ्यापर्यंत दोघं बरोबर गेली. तिथून ताई डावीकडे वळल्या आणि पाहता पाहता त्यांची चाल हलकी झाली. प्राध्यापक उजवीकडे वळले.

टेबलाशी बसल्यावर त्यांना सहज आठवलं, आपण निवृत्त झालो तो महिना कुठला. मग कक्ष सुरू झाला तो महिना आठवला. ते बराच वेळ समोरच्या कुरकुरणाऱ्या चाकाकडे बघत बसले. आठ वर्षं अडलेल्या लेखाचं उत्तर मिळालं होतं आणि ते कुठेही छापण्याजोगं नव्हतं.

"साहेब, एक्स-रे कुठे हो?" समोर एक माणूस उभा होता.

"सरळ जा, डावीकडे."

माणसाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. जाता जाता तो थबकला, टेबलाकडे, खुर्च्यांकडे पाहिलं. "पगार देतात का हो तुम्हाला इथे?"

"नाही."

"मग कशाला येता?"

प्राध्यापकांनी तोंड उघडलं. चाळीस मिनिटांचं व्याख्यान जिभेवर तयार होतं. पण रबरी बूट नजरेसमोर आले आणि ते खुर्चीत मागे टेकले.

"असंच," ते म्हणाले. "वेळ जातो."